पुंतेन म्हणणारं रबर

कडेला भोकं असलेल्या सलग कागदाचा शेवटचा खोका जिन्याखाली होता. त्यातल्या कागदावर मांजर व्यायली होती.

रबराचा एक घन. वडीएवढा धरा किंवा घराएवढा. तो कुठेच नव्हता, त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा खिळ्याला टांगलेला, खाली लोखंडी वजन. दर सोमवारी पाक ओदांग पट्टी लावून त्याची लांबी बघत आणि कुणाला काही न सांगता जागेवर जाऊन बसत.

पाक ताम्बुनानांचा आवाज रस्त्यापलीकडच्या बाक्सोवाल्याला ऐकू जाई. साहेब फोनवर बोलायला लागले की आपल्यालाच हाक आली समजून तो गाडीवरचं मांसाच्या गोळ्यांचं सूप उकळायला ठेवी.

लिवेत, म्हणजे मसाल्यासकट एकाच पातेल्यात शिजणाऱ्या भाताचं झाकण मध्येच उघडायचं नसतं.

*

पुंतेन.

गुरुवारी पाक ओदांग निवृत्त होणार होते, आणि त्यांचं रबर अजून कॉम्प्युटरमध्ये शिरलं नव्हतं.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा बांडुंगच्या त्या ऑफिसात एकच खरा कॉम्प्युटर होता. तो काचेच्या खोलीत राही. त्याच्यासाठी एसी होता, माणसांसाठी पंखा. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि भर दुपारी अचानक बऱ्याच जणांना कॉम्प्युटरचं काम निघे. खोलीची किल्ली तेह निनिंगकडे असे; तिकडे ताईला तेह, दादाला कांग आणि वडीलधाऱ्याला पाक म्हणतात. तिच्या परवानगीशिवाय आत झुरळही जात नसे.

ऑफिसचं काम पुलांच्या रबरी ठोकळ्यांचं. पुलाचा खांब आणि वरची तुळई यांच्यामध्ये रबराचा जाड ठोकळा बसवतात, म्हणजे पूल थोडा हलू शकतो आणि भूकंपात तुटत नाही. ठोकळा किती हलेल याचा हिशेब कॉम्प्युटरमधलं परदेशी सॉफ्टवेअर करी. त्यात रबर आधीपासून भरलेलं होतं, पण ते कुठल्या तरी थंड देशातलं. ओढा, सोडा, पुन्हा ओढा, त्याला काही नाही. आधीचं सगळं विसरून मोकळं.

पाक ओदांगांचं म्हणणं वेगळं होतं. एकदा ओढलेलं रबर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. त्याला आठवतं. पहिल्यांदा ते हट्ट करतं, दुसऱ्यांदा कमी करतं. किती आठवतं आणि किती विसरतं याचं सूत्र त्यांनी उभ्या नोकरीत, त्या ट्यूबच्या तुकड्यापासून सुरुवात करून, बांधलं होतं. दर नव्या साहेबाला ते दाखवलं होतं. दर साहेब "बघू" म्हणाला होता.

सध्याचे साहेब पाक ताम्बुनान. ते बताक, म्हणजे मेदानकडच्या मोठ्यानं बोलणाऱ्या लोकांतले. हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं त्यांना मनापासून वाटे.

"हे बघ चेचेप," त्यांनी कांग चेचेपला बोलावून सांगितलं. चेचेप म्हणजे पाक ओदांगांच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर. "गुरुवारी दुपारच्या गाडीनं पुलाचा हिशेब जाकार्ताला जाणार. म्हाताऱ्याचं सूत्र तोपर्यंत चाललं तर त्याच्या सूत्रानं जाईल. नाही चाललं तर परदेशी रबरानं. मग सूत्र कपाटात."

"कपाटात म्हणजे, पाक?"

"कपाटात म्हणजे कपाटात. तुझ्याकडे काय वेगळं कपाट आहे?"

*

पुंतेन.

त्या सॉफ्टवेअरला मागच्या बाजूनं एक खिडकी ठेवलेली होती. स्वतःचं रबर आणायचं असेल तर स्वतःचा कोड लिहा आणि इथून आत या. चेचेपनं कोड लिहिला. मग जगभर जी रीत आहे त्याप्रमाणे तो एका घनावर तपासला. अख्खा ठोकळा नाही, एकच घन. त्याला ओढायचं, दाबायचं, तिरका करायचं. बोलता येत नाही म्हणून तो बिचारा सगळं सहन करतो.

घनाची रेघ पाक ओदांगांच्या जुन्या रेघेवर हुबेहूब बसली. चेचेप उड्या मारत बाहेर आला.

"कांग, एक विचारू?" तेह निनिंग म्हणाली. "तुमचा कोड चालला हे कशावरून?"

"उत्तर बरोबर आलं ना."

"उत्तर बरोबर आलं. पण आत तुमचा कोड गेला, का तिथं आधीच बसलेलं रबर उठून आलं?"

तिचा प्रश्न बरोबर होता. चेचेपनं पाहिलं, तर तपासणीत परदेशी रबरच ओढलं जात होतं. ओढ इतकी हलकी होती की दोन्ही रबरं सारखीच वागली होती. त्याचा कोड खिडकीबाहेर चपला हातात घेऊन उभा होता.

कोड खिडकीतून नीट आत घेऊन झाल्यावर पाक ओदांग आले. दारातच जरा वाकले, उजवा हात खाली सोडला आणि म्हणाले, "पुंतेन."

"मंग्गा, पाक, या ना," निनिंग म्हणाली.

ते कधीच पुंतेन म्हटल्याशिवाय आत येत नसत. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या समोरून जाताना म्हणत, जिन्यात कुणी खाली येत असेल तर म्हणत. सगळं बांडुंग म्हणतं, पण पाक ओदांग खुर्च्यांनाही म्हणत.

"चेप," ते चेचेपला म्हणाले, "आपल्याकडे कुणाच्या घरात शिरताना माणूस काय म्हणतो?"

"पुंतेन, पाक."

"मग तुझ्या कोडला कुणी शिकवायचं?"

त्यांनी स्वतः एका बोटानं ती ओळ टाइप केली. कोड घनात शिरला की त्यानं आपला थर सांगायचा, आपला घन सांगायचा आणि पुंतेन म्हणायचं. पाक ओदांगांचा पडद्यावर विश्वास नव्हता, म्हणून ते पुंतेन थेट प्रिंटरवर. घन चालवला. प्रिंटरनं घसा खरवडला आणि छापलं: थर १, घन १: पुंतेन. दर वेळी आत शिरला की पुन्हा पुंतेन. सगळे मिळून अर्धं पान.

"मंग्गा," पाक ओदांग त्या कागदाला म्हणाले. या वेळी ओढ जोरात दिलेली होती, आणि रेघ खरोखर त्यांच्या रेघेवर बसली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

*

बुधवारी संध्याकाळी चेचेपनं पूर्ण ठोकळा मांडायला घेतला. ठोकळा आठ थरांचा, प्रत्येक थरात पुष्कळ घन. खालचे पाच थर त्यानं नव्यानं मांडले. तेवढ्यात तेह निनिंग दारात किल्ल्या वाजवू लागली. उरलेले तीन त्यानं गेल्या वर्षीच्या एका कामातून जसेच्या तसे उचलून वर ठेवले आणि चपला घातल्या.

*

पुंतेन.

गुरुवारी ऑफिसात बोत्राम होतं. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा, लांब केळीच्या पानांवर भात ओतायचा, दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी बसून हातानं खायचं. निरोपाला भाषणं ठेवली असती तर पाक ओदांग रजेवर गेले असते, म्हणून बोत्राम. मागच्या अंगणात भाताचं पातेलं चढलं होतं. निनिंगनं घरून सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा, आणला होता.

चेचेपनं सकाळी ठोकळा चालू केला आणि पाक ओदांगांना बोलवायला वळला. मागे प्रिंटर बोलू लागला.

थर १, घन १: पुंतेन.

थर १, घन २: पुंतेन.

थर १, घन ३: पुंतेन.

ती ओळ काढायची राहिली होती.

"कांग," निनिंग म्हणाली, "हे किती वेळा म्हणणार?"

चेचेपनं मनात गुणाकार केला. शेकड्यानं घन, आणि सगळं पुन्हा पुन्हा. गुणाकार मध्येच सोडून तो म्हणाला, "बरंच."

"मग प्रिंटर बंद करू?"

"कर."

तिनं बंद केला. पडद्यावरचा आकडाही थांबला.

"आता हा का थांबला?"

"प्रिंटर ऐकत नाही म्हणून," निनिंग म्हणाली. "पुढचा पुंतेन तोंडात धरून उभा राहिलाय. कुणी मंग्गा म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. वळण चांगलं लागलंय त्याला."

प्रिंटर चालू केला. कॉम्प्युटर हलला. आता दोनच रस्ते होते. सगळं थांबवून ती ओळ काढायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, किंवा छापू द्यायचं. पण या सूत्रानं पूर्ण ठोकळा आधी कुणी चालवलाच नव्हता. हिशेबालाच दुपार होणार असेल तर पहिल्यापासून सुरू करणं म्हणजे गाडी चुकवणं.

"पाक ओदांगांचं सूत्र आहे," चेचेप म्हणाला. "सावकाशच चालणार. छापू दे."

थोड्या वेळानं कागद संपत आला. निनिंग जिन्याखाली जाऊन रिकाम्या हातानं परत आली.

"शेवटच्या खोक्यात मांजर आहे. तीन पिल्लं. मला बघून फिस्कारली."

हे ऐकून पाक ओदांग स्वतः गेले. मांजरीसमोर वाकले, पुंतेन म्हणाले, खोक्याच्या बाजूला कात्रीनं चौकट कापली आणि खालून कागद ओढायला लागले. मांजर हळूहळू खाली जात होती, पण तिला ते कळत नव्हतं. चेचेप तो कागद खांद्यावरून नेऊन प्रिंटरला भरवत होता. दुसऱ्या तोंडातून पुंतेन बाहेर पडत होते. खोली भरली, तसे ते दारातून बाहेर आले आणि व्हरांड्यात पसरले.

पाक ताम्बुनान आले ते त्यात पाय अडकूनच.

"हे काय चाललंय?" त्यांनी कागद उचलून वाचला. पुढचा वाचला. हातभर पुढचा वाचला. "इतकी परवानगी कोण मागतंय?"

"रबर, पाक," चेचेप म्हणाला.

"कशाची?"

"आत यायची."

"मग येऊ द्या की त्याला. तुम्ही इकडची सुंडा माणसं. माझ्या गावात दार उघडं असलं की आत जातात. बंद असलं की ढकलतात." त्यांनी घड्याळ पाहिलं. "उत्तर कधी येणार?"

"हे संपल्यावर."

"आणि हे कधी संपणार?"

त्याचं उत्तर प्रिंटरनंच दिलं. पुंतेन.

दुपारपर्यंत मांजर जवळजवळ जमिनीला टेकली होती. मग निनिंगनं जुने अहवाल काढून त्यांच्या कोऱ्या पाठी भरवल्या. व्हरांडाभर कागदाचा पट्टा पसरलेला, त्यावरून चालता येईना, आणि पानं मांडायची जागा तीच. शेवटी तिनं निर्णय घेतला. कागद सरळ केला, दुहेरी केला आणि त्याच्यावरच केळीची पानं अंथरली.

"सतरंजी वाचली," ती म्हणाली.

*

पुंतेन.

भात पानांवर ओतला आणि प्रिंटर गप्प झाला. इतका वेळ त्याची करकर ऐकून सगळ्यांचे कान बधिर झाले होते. शांततेत पातेलं खरवडल्याचा आवाज फार मोठा वाटला.

चेचेप, पाक ओदांग आणि पाक ताम्बुनान काचेच्या खोलीत गेले. पडद्यावर दोन रेघा. एक खऱ्या ठोकळ्याची, जी प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून मिळाली होती. दुसरी कॉम्प्युटरची. दोघींनी एकमेकींवर बसायचं होतं. त्या सुरुवातीलाच वेगळ्या झाल्या आणि शेवटपर्यंत भेटल्या नाहीत.

चेचेपनं एकदा पडदा पुसून पाहिला.

"असू दे, चेप," पाक ओदांग म्हणाले. "घनात चाललं होतं. ठोकळ्यात चालत नसेल. ठोकळा मोठा असतो."

"पाक, मी परत एकदा..."

"भात निवेल."

पाक ताम्बुनान त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले. "पाक ओदांग, मला परदेशी रबराचं पाकीट पाठवावं लागेल."

"मंग्गा," पाक ओदांग म्हणाले, आणि बाहेर जाऊन पानाच्या मधोमध, त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागेवर बसले. बसताना शेजारच्यांना पुंतेन म्हणायला विसरले नाहीत. खिळ्यावरचा ट्यूबचा तुकडा तिथून समोरच दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सुकी मासळी घेतली, सांबाल घेतला, निनिंगला म्हणाले, "झणझणीत झालाय." निनिंगनं अजून सांबाल वाढला.

जेवणावर शोककळा होती आणि जेवण उत्तम होतं. अशा वेळी माणसाला आपल्याच जिभेची लाज वाटते. सगळे खाली मान घालून खात होते. पाक ताम्बुनानही. त्यांना गप्प बसायची सवय नव्हती, आणि गप्प बसल्यावर डोळ्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. केळीच्या दोन पानांच्या फटीतून कागद दिसत होता. ते तोच वाचू लागले.

घास तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला.

"चेचेप. ठोकळ्याला थर किती?"

"आठ, पाक."

"माझ्यासमोर पाच आहे. पाचच्या नंतर परत एक आहे."

"हो, एक फेरी झाली की परत पहिल्या थरापासून..." चेचेप म्हणाला आणि तसाच तोंड उघडं ठेवून बसला.

"निनिंग, तुझ्याकडे काय आहे बघ."

निनिंगनं आपल्यासमोरचा भात बाजूला केला, पान उचललं. "थर दोन. थर तीन. पुढं सांबाल सांडलाय."

"पलीकडे?"

पलीकडच्या रांगेत पानं उचलली जाऊ लागली. कुणाच्या भाताखाली चार निघाला, कुणाच्या तळलेल्या तेंपेच्या सोयावडीखाली एक. हिशेबखात्याचे दोघं गुडघ्यांवर रांगत कडेकडेनं गेले आणि दुसऱ्या टोकाहून सांगू लागले, "पाच, पाक. पाचच्या पुढे परत एक."

"सहा कुणाकडे आहे?" पाक ताम्बुनान आता नेहमीच्या आवाजात आले होते. रस्त्यापलीकडे बाक्सोवाल्यानं सूप उकळायला ठेवलं. "सात? आठ? अरे कुणाकडे तरी असेल."

कुणाकडेच नव्हता.

"म्हणजे पाच थर पुंतेन म्हणून आत गेले," ते म्हणाले, "आणि वरचे तीन न म्हणता. हे तिघं कुणाचे? माझ्या गावचे?"

"गेल्या वर्षीच्या कामातले," चेचेप म्हणाला. त्याचा आवाज भाताखालून आल्यासारखा येत होता. "त्यांच्यात परदेशी रबर राहिलंय. मी काल घाईत उचलून ठेवले."

पाक ओदांगांनी हातातला घास पानावर ठेवला. मग पुन्हा उचलून खाल्ला. "चेप," ते म्हणाले, "आधी जेव. मग बघ."

चेचेप त्यांचं ऐकायला थांबला नाही. उष्ट्या हातानं काचेच्या खोलीकडे पळाला. चपलांसकट आत गेला, आणि तेह निनिंगनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, हे त्या ऑफिसच्या इतिहासात एकदाच घडलं.

तीन थर दुरुस्त व्हायला वेळ लागला नाही. ती ओळ पुसायला त्यानं हात उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुसतोस काय?" पाक ताम्बुनान दारात उभे होते. "मग आत कोण गेलं आणि कोण नाही, हे कळणार कसं?"

"पण पाक, कागद संपत आलाय. गाडीची वेळ झालीय."

"एकदाच म्हणू दे ना. प्रत्येकानं पहिल्यांदा आत शिरताना एकदा. दर पावलाला कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," पाक ओदांग त्यांच्या मागून म्हणाले.

चेचेपनं तसं केलं. प्रत्येक घनानं एकदाच पुंतेन म्हणायचं, मग गुपचूप काम करायचं. चालू केलं. प्रिंटरनं उरलेल्या कागदावर थर एक ते आठ ओळीनं छापले आणि थांबला. निनिंगनं कॉफीवर गरम पाणी ओतलं होतं. पूड तळाला बसायच्या आत उत्तर आलं.

"झालं?" ती म्हणाली. "एवढ्यात?"

"सूत्र सावकाश नव्हतंच," चेचेप म्हणाला. "प्रिंटर होता."

पडद्यावर एकच रेघ दिसत होती. पाक ताम्बुनान पुढे वाकले. "दुसरी कुठे गेली?"

"तिच्याच खाली आहे, पाक."

त्यांनी बोटानं रेघ धरून शेवटपर्यंत नेली आणि परत आणली. जाताना ती वरून जात होती, येताना खालून. आठवणाऱ्या रबराची रेघ अशीच जाते. मग त्यांनी पाकीट मागवलं, तिथंच उभं राहून उत्तर आत घातलं आणि बाहेर सूत्राचं नाव लिहायला पेन काढलं.

"याला नाव काय द्यायचं, पाक ओदांग?"

"रबर म्हणा."

"रबर तर ते आधीचंही आहे."

पाक ओदांगांनी पुष्कळ विचार केला. बाहेर मांजर पिल्लांना तोंडात धरून एकेक करून खोक्यातून हलवत होती, व्हरांड्यातल्या कागदावरून, उरलेल्या भाताला वळसा घालून. "मग आमचं रबर म्हणा," ते म्हणाले.

पाक ताम्बुनान पाकीट घेऊन निघाले. दारात निनिंग आणि चेचेप बोलत उभे होते. ते त्यांच्या मधून जाणार तोच थबकले, अंगाला सवय नसलेल्या माणसासारखे थोडेसे वाकले आणि जवळजवळ ओरडले, "पुंतेन."

दोघं बाजूला सरले. उत्तर खोलीच्या आतून आलं. "मंग्गा."

*

त्या गुरुवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांत आधी पाक ओदांग आले होते. आत कुणी नव्हतं. त्यांनी दार उघडलं, रिकाम्या खोलीला पुंतेन म्हटलं आणि थोडा वेळ दारातच उभे राहिले.